सोमवारची गळकी शीटं

मला माझ्या स्वच्छतेचा गर्व आहे, हे आधीच सांगून टाकते. सासरी न्हावऱ्यात माझ्या हातच्या धुण्याचं नाव होतं आणि रांजणगावच्या कारखान्यात माझ्या टेबलाचं. त्यामुळे त्या हिवाळ्यात आमच्या लाइनवरची शीटं एकामागून एक नापास व्हायला लागली, तेव्हा घाण दुसऱ्या कुणाची तरी असणार, याबद्दल मला शंकाच नव्हती.

आम्ही पाठ शेकायचे हीटर बनवायचो. वहीच्या पुठ्ठ्यासारखे पातळ, त्यांनाच आम्ही शीट म्हणायचो. खाली प्लॅस्टिकची फिल्म, तिच्यावर कार्बनच्या शाईचे पट्टे, तापतात ते हेच. त्यावर पारदर्शक फिल्मचे दोन थर, करंट आतल्या आत राहावा म्हणून. प्रत्येक थर पुसून मी एकावर एक लावायचे आणि प्रेस चालवणारे, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, ते गरम प्रेसखाली ते चिकटवायचे. शेवटी टेस्टर. तो शीटला मोठ्या व्होल्टेजचा दणका देतो आणि करंट कुठून बाहेर गळला की कर्कश बोंबलतो. ज्यावर कुणाची म्हातारी आई पाठ टेकणार, ते शीट गळून कसं चालेल?

आमच्या सुपरवायझर सरांनी फिल्मचा तिसरा थर घालून पाहिला. इन्सुलेशन सुधारलं, पण शीट जाड झालं आणि गिऱ्हाइकाला तर पातळच हवं होतं. प्रेस जास्त तापवून पाहिला, तर फिल्म सुरकुतली. मग सरांनी रजिस्टर उघडलं. सोमवारी आणि मंगळवारी सगळ्यात जास्त शीटं नापास, गुरुवारपर्यंत जवळजवळ सगळी पास! सरांनी लगेच हिशोब जुळवला, की मामा रविवारी दारू प्यायला बसत असणार आणि सोमवारी हात थरथरत असणार.

मामा दौंडचे. रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे, दारूचा वाससुद्धा त्यांना सहन होत नसे. पण सरांनी सांगून टाकलं, शनिवारपर्यंत दुसरं कारण सापडलं नाही तर सोमवारपासून मामा लोडिंगला. ट्रकमध्ये खोकी चढवायची, तीही पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालेल्या माणसानं!

आणि मी काय केलं? मामा दारू पितात यावर माझा विश्वास नव्हता, पण त्यांचे हात स्वच्छ असतात यावरही नव्हता. दर सोमवारी प्रेस सुरू करण्याआधी मी म्हणायचे, "मामा, हात." आणि ते शाळेतल्या मुलासारखे दोन्ही तळवे पुढं करायचे. एकदा म्हणाले, "ताई, फडक्यालाच काळं लागलंय जणू."

"तुमच्याच हाताचं असेल," मी फटकन म्हणाले. "फडकी मी स्वतः घरी धुते."

खरंच धुवायचे. कारखान्याची धागा न सुटणारी फडकी कमी पडत होती, म्हणून नवी येईपर्यंत मी ती शनिवारी घरी न्यायचे, रविवारी रिठ्याच्या पाण्यात उकळायचे आणि गच्चीवर वाळत घालायचे. मला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. माझी हौस.

तो शनिवार उजाडला. जेवणाच्या सुट्टीत मी डबा तसाच ठेवला आणि नापास शीटांचा गठ्ठा घेऊन दाराशी उन्हात बसले. प्रत्येक शीटवर जिथं ठिणगी पडली होती, तिथं टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसत होता. आम्ही सगळे त्याला शाईचा शिंतोडा समजत होतो. शीट तिरकं धरून पुन्हा पाहिलं. ठिपका वरच्या दोन फिल्मच्या मधे होता. तिथं शाई जातच नाही!

ब्लेडनं थर सोडवला, ठिपका बोटावर घेतला, चोळला. लांबलचक, मऊ, काळा फराटा उठला. हा फराटा मी चांगला ओळखत होते. आमच्या घराशेजारी गुऱ्हाळ आहे. चुलवणात उसाचं वाळलं चिपाड पेटलं की धुराड्यातून काळे कण उडतात आणि वाळत घातलेल्या धुण्यावर बसतात. सासूबाई अख्खा हिवाळा ओरडत असतात, "अगं, गुऱ्हाळ पेटलंय, धुणं आत घे की!" आणि मी म्हणते, "झटकून घेते, आई."

काजळी म्हणजे कार्बनच की! आमच्या शाईत असतो तोच! घडीत अडकलेला कण पुसताना थरांमध्ये जायचा, गरम प्रेसखाली पातळ फिल्ममध्ये रुतायचा आणि करंटला बाहेरची वाट मिळायची. वापरून वापरून फडकी गुरुवारपर्यंत झटकली जायची, म्हणून शीटं सुधारायची. सगळं लख्ख जुळलं! मी धावतच आत गेले.

स्टोअरमध्ये धूळ उचलणारा एक चिकट रोलर पडून होता. तो प्रत्येक थरावर फिरवून दहा शीटं केली. मामांनी प्रेस मारला. दहाच्या दहा वेळा टेस्टर गप्प! मग माझ्या पिशवीच्या तळाशी, त्या आठवड्यात न उघडलेलं एक फडकं होतं, त्यानं पुसून दहा केली. तिसऱ्याला टेस्टर बोंबलला. पाचव्याला बोंबलला. त्या आवाजाचा झाला तितका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

"सापडलं!" मी ओरडले. "घाण माझी आहे! माझीच आहे!"

लाइनवरचे सगळे वळून बघायला लागले. सर हसून म्हणाले, "कारणाच्या रकान्यात 'बाहेरचा कण' लिहा, पुरे. मामा प्रेसवरच राहतील." पण मी लिहिलं, 'फडकी मी घरी धुतली आणि गुऱ्हाळाशेजारी वाळवली.' खाली सही करता करता मामांचं ते वाक्य आठवलं. फडक्यालाच काळं लागलंय. माझा सगळा जोश तिथंच उतरला. फार लाज वाटली.

सोमवारी मामा प्रेसपाशी आले आणि सवयीनं दोन्ही तळवे पुढं केले. मला त्यांच्याकडं बघवेना. मी माझेच हात त्यांच्यापुढं धरले. म्हटलं, "आजपासून तुम्ही बघा, मामा."

त्यांनी चष्मा पुसला, माझे तळवे नीट पाहिले, मग हात उलटे करायला लावून पाहिले. घाई अजिबात केली नाही.

"नखं वाढल्यात, ताई," ते म्हणाले. "कापून या, तवर प्रेस लावत न्हाई."

मी मुकाट्यानं जाऊन कापून आले.