रखमाबाईंच्या हातचा कुंचला

रखमाबाईंची पहिली ओळख झाली, तेव्हा मी नांदूरघाटच्या शाळेत चालीवर कविता शिकवत होतो आणि तिसरं कडवं विसरलो होतो. खिडकीबाहेर टोपली विणत बसलेल्या बाईंनी ते अख्खं म्हणून दाखवलं. शाळेची पायरी न चढता, नुसतं ऐकून. त्या दिवशी बाहेर पळस फुलला होता की माझ्या मनात, आता नक्की सांगवत नाही.

बाईंना आता पंचाहत्तरावं लागलं. त्यांनी विणलेल्या सुपांविषयी या गौरव अंकात इतर मंडळी लिहितीलच. मी लिहितोय ते अशा वस्तूविषयी, जिचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही.

माझी लेक सुधा जपानात असते. तिनं तिकडच्या चहाचं सामान पाठवलं: मातीचा वाडगा, बांबूचा बाकदार चमचा, बारीक काड्यांचा बांबूचाच कुंचला आणि हिरवी पूड. सोबत चिठ्ठी, 'सुट्टीत येऊन माझ्या हातानं करून पाजते.' पूड आमच्या घरच्यांनी मेंदी समजून ठेवून दिली. कुंचला मला रवी वाटला. मी त्यानं वरण घोटलं. निम्म्या काड्या वरणात!

सुधा यायला चार दिवस राहिलेले. तिचा हिरमोड कसा पाहायचा? वरणानं माखलेले तुकडे रुमालात घेऊन बाईंकडे गेलो.

"कावून तोंड पाडलंय, गुरुजी?" रुमाल उलगडून त्या हसल्या. "वरण खाल्लं का बांबू?"

"अगदी असाच दुसरा करा, बाई. लेकीला कळायला नको."

"करते की. पण लेकीपासून लपवायचं आसंल तर न्हाई करणार."

मी कबूल झालो. तीन कुंचले बिघडले, चौथा जमला. तोवर बाईंनी सुपाला हात लावला नाही.

सुधा आल्यावर तिला सगळं सांगितलं. ती हसली की रडली, मला उमगलं नाही. मग वाडगा उचलून ती थेट बाईंच्या दारी गेली आणि त्यांच्याच कुंचल्यानं चहा घुसळला. फेस आला!

बाईंनी घोट घेतला. "लई कडू हाय गं! ह्याच्यासाठी एवढ्या लांब गेलतीस?"

जपानला परतताना सुधानं तो कुंचला सोबत नेला. असा कुंचला फार दिवस टिकत नाही म्हणे; यापुढचे सगळे बाईंच्याच हातचे हवेत, असं तिनं बजावलंय. बाई, माझ्या लेकीला तिच्या म्हातारपणापर्यंत पुरतील इतके कुंचले तुमच्या हातून घडोत, तेवढं निरोगी आयुष्य तुम्हाला लाभो.