द्वारका चौकातला वाढपी

संस्कृती म्हणजे काय याचं दर्शन घ्यायचं असेल, तर नाशिकच्या द्वारका चौकात माझ्या सासऱ्यांच्या मागे गाडी उभी करावी. दर्शनाला भरपूर वेळ मिळतो.

पंचवटी ते नाशिकरोड हा रस्ता लोक अर्ध्या-पाऊण तासात संपवतात. सासरे तो पुरवून पुरवून खातात. निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, ते आपली जुनी पांढरी मोटार घेऊन रोज बाहेर पडतात. काम काही नसतं. समोर रिक्षा येवो, बस येवो, नाहीतर उलट्या बाजूने घुसलेला स्कूटरवाला येवो, सासरे ब्रेक दाबतात, खिडकीबाहेर तळहात काढतात आणि पंगतीत जिलबीचा आग्रह करावा तसा पुढे करतात, "घ्या, घ्या, तुम्ही घ्या!" एकदा त्यांनी एका म्हशीला असा आग्रह केला. ती रस्त्यातच बसली. सासऱ्यांनीही इंजिन बंद केलं. मागचे हॉर्न वाजवू लागले, की ते आरशात बघून मान लववतात. लोक आपल्याला ओळखतात, अशी त्यांची समजूत आहे.

एक झेंडूचा टेम्पोवाला तर त्यांच्या पंगतीतला रोजचाच पाहुणा. सासरे थांबले की तो पुढे निघतो आणि जाता जाता ओरडतो, "ओ बाबा, हलवा की गाडी! हितंच मुक्काम हाय का?"

"पाहिलंत? चौकशी करतो बिचारा," सासरे मला म्हणतात.

मी एकदा विचारलं, "बाबा, अकरा वर्षांत तुमच्यासाठी कोणी थांबलं का?"

"थांबतील की. आपण घाई करू नये."

मागच्या महिन्यात सासूबाईंच्या भाचीचा जळगावला साखरपुडा होता. मुलीची ओटी मावशीने भरायची ठरली होती आणि मावशी म्हणजे सासूबाई. निघताना त्यांनी बजावलं, "अहो, आज रेल्वे चुकली तर किल्ली जावईबापूंकडे. कायमची."

सासरे गंभीर झाले. द्वारकेला त्यांनी फक्त तिघांना वाट दिली. मागच्या सीटवर बॅग धरून बसलेल्या मला वाटलं, आज बाबा जिंकणार. पण स्टेशनच्या फाटकात सगळेच घाईत होते, सगळ्यांचीच रेल्वे सुटायची होती आणि हे सासऱ्यांना पाहवेना. तळहात बाहेर गेला. नऊ मोटारी आणि सामानाची एक हातगाडी आत गेली. त्या दिवशी रेल्वे वीस मिनिटं उशिरा आली होती. तरीही ती चुकली.

सासूबाई ओटीची पिशवी मांडीवर घेऊन फलाटावर बसल्या. सासऱ्यांनी खिशातून किल्ली काढली, तळहातावर ठेवली आणि माझ्यापुढे धरली.

"घ्या, जावईबापू. तुम्ही घ्या."

इतक्या सवयीने त्यांनी ती दिली, की ती घेताना मलाच कसंतरी झालं. सासूबाई पुढच्या गाडीने गेल्या. त्या पोचेपर्यंत ओटी मुलीच्या काकूने भरली होती.

परतताना मोटार मी चालवत होतो. सासरे डाव्या बाजूला, दोन्ही हात मांडीवर. द्वारकेला मी इतरांसारखीच गाडी दामटली, तर समोरून झेंडूचा टेम्पो, माल उतरवून रिकामा परत निघालेला. आता आदळणार म्हणेस्तोवर तो थांबला. आमची पांढरी मोटार पाहून आतून एक हात बाहेर आला. तळहात वर, थेट जिलबीचा आग्रह.

"या बाबा, या! आज तुमी आधी!"

सासरे ताठ बसले. "पाहिलंत?" ते अगदी हळू म्हणाले.

तेवढ्यात टेम्पोवाल्याला स्टिअरिंगमागे मी दिसलो. त्याने हात आत घेतला आणि टेम्पो पुढे घातला.