इलिजिबल आण्णा

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात तीन नंबरच्या खिडकीमागे आण्णा बसत. पहिल्या वर्षाला आलेल्या प्रत्येकाला इलिजिबिलिटीचा फॉर्म त्यांच्याकडूनच घ्यावा लागे आणि ते तो सुखासुखी देत नसत. आधी विचारत, "इलिजिबल म्हंजी काय रं?" कुणी म्हणे पास झालेला, कुणी म्हणे पात्र. "पात्र तर फारमवर छापलंयच. त्यात तुझी अक्कल कुठाय?" असं म्हणून आण्णा फॉर्म हातातच धरून ठेवत. मागे रांग वैतागलेली असे. पोरांनी त्यांचं नाव इलिजिबल आण्णा पाडलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि माझ्या मते आवडतही होतं.

उत्तर मग ते स्वतःच देत. लायब्ररीने रद्दीत काढलेला एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश त्यांनी टेबलाखाली ठेवला होता. पुठ्ठा गेलेला, पण शब्दांची कुळी सांगणारा. हा शब्द मूळ लॅटिनचा आणि त्याच्या मुळाशी निवडून बाजूला काढणं आहे, हे त्यांनी त्यातूनच शोधलं होतं. "इलेक्शन त्याचाच चुलतभाऊ," ते सांगत. "आमची मंडळी बियाण्याचा कांदा निवडती ना, तसं. लई मोठा नको, जोडकांदा नको, मान बारीक पायजे. असा हाताला लागला की ती बाजूला ठिवती. त्यो इलिजिबल." निरगुडसरच्या या माणसाने लॅटिनला थेट कांद्याच्या ढिगापाशी नेऊन बसवलं होतं. इंग्रजीचे सर हसत. पेपरातल्या लग्नाच्या जाहिरातीतही हाच शब्द येतो, असं एकदा कुणीतरी म्हणालं, तर आण्णा म्हणाले, "तिथं बी निवडन्याजोगा एवढंच म्हनायचं असतं. निवडलेला न्हाई."

स्वतः आण्णा मात्र बारावीवर अडकलेले. पदवी नसल्यामुळे बढतीच्या यादीत त्यांचं नाव कधी लागलं नाही. त्यांच्या हाताखाली काम शिकलेले दोघे त्यांचेच साहेब होऊन बसले. कुणी कळवळून विषय काढला की म्हणत, "मी न्हाई बसत त्या नियमात. नियम काय माझ्या सासऱ्यानं केलाय व्हय?" आणि पुढच्याचा फॉर्म ओढून घेत. मला या गोष्टीचा फार राग यायचा. त्यांना येत नसे.

मी लोणीची. बारावीनंतर आई आजारी पडली आणि दोन वर्षं मी घरीच होते. पुढे हट्टाने प्रवेश घेतला, तेव्हा वडिलांनी अट घातली, फॉर्म माघारी आला तर चाकणला कंपनीत असलेल्या मुलाचं स्थळ आलंय, दिवाळीत सुपारी फोडायची. स्थळ काही वाईट नव्हतं. पण मला शिकायचं होतं. फॉर्म द्यायच्या अगदी शेवटच्या दिवशी मी खिडकीशी उभी राहिले. 'शिक्षणात खंड असल्यास त्या काळात काय केले' या रकान्यात मी लिहिलं होतं, 'काहीच नाही'. आमच्याकडच्या सगळ्या मुली असंच लिहीत. घरचं काम हे काम असतं, हे कुणाच्या डोक्यातच येत नसे.

आण्णांनी चष्मा वर केला. "काहीच न्हाई? मग घरी भाकरी कोन थापत व्हतं?"

"मीच."

"आन् कांदा कुनी काढला?"

"मी आणि वडिलांनी."

"आईचं दवापानी?"

"तेही मीच."

"कागदावर खोटं नको," आण्णा म्हणाले, "पन खरं बी कमी नको, पोरी. असा मोकळा खंड दिसला तर फारम माघारी येतो. चांगला कांदा आपल्याच हातानं उकिरड्यावर टाकाया निघाली व्हय तू?"

त्यांनी प्रतिज्ञापत्राचा मजकूर चिठ्ठीवर लिहून दिला, 'आईचे आजारपण, घर व शेती सांभाळली', आणि मला घोडेगावला पिटाळलं. तहसीलला ही गर्दी. परतीची एस.टी. उशिरा लागली. खिडकी पाचला बंद होई आणि मी पोचले तेव्हा साडेसहा झाले होते. ऑफिसला कुलूप होतं. बाहेरच्या पायरीवर आण्णा किल्ली घेऊन बसले होते. त्यांची गावाकडची गाडी केव्हाच गेली होती. त्यांनी उठून कुलूप काढलं. शिक्का आधी रद्दी कागदावर उमटवून बघितला, ही त्यांची रीतच होती, आणि मग माझ्या फॉर्मवर सरळ मारला. म्हणाले, "शिक्का वाकडा पडला की पोरांना वाटतं, आपल्यावर उपकार केलाय. सरळ पडला की हक्काचा वाटतो."

त्या फॉर्मवर मी बी.ए. झाले, पुढे एम.ए., सेट झाले आणि आता त्याच कॉलेजात शिकवते. प्रवेश समितीवरही आहे. वडील लोणीभर सांगत फिरतात, पोरगी प्राध्यापक झाली. दिवाळीच्या सुपारीची आठवण त्यांना कुणी करून देत नाही.

आण्णा गेल्या उन्हाळ्यात निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं, सगळं यथासांग पार पडलं. जूनमध्ये समितीच्या कामाला मी तीन नंबरच्या खिडकीमागे बसले होते, तर रांगेत आण्णा. इस्त्रीचा शर्ट आणि हातात बी.ए.चा फॉर्म. "बढतीचं आता काय न्हाई," ते म्हणाले. "पन एकदा नियमात बसून बघावं म्हनलं."

मी खंडाचा रकाना बघितला. लिहिलं होतं, 'नोकरी'.

"आण्णा, खरं कमी पडतंय."

मीच पेन घेतलं आणि पुढे लिहिलं, 'अडतीस वर्षे इतरांचे फॉर्म माघारी येऊ दिले नाहीत'. रकान्यात ते मावेना, शेवटचे शब्द समासात गेले. आण्णांनी दोनदा वाचलं आणि 'खोड' म्हणाले नाहीत. खाली सही केली. इतका अभिमान मला माझ्या सेटच्या निकालाचाही वाटला नव्हता.

शिक्का मी आधी रद्दी कागदावर उमटवून बघितला. तिथे नीट आला. मग फॉर्मवर मारला.

आण्णांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"वाकडा पडलाय, पोरी," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे. तुझा उपकार चालंल मला."