अक्का उत्तर देत नसत

शांताअक्का गेल्याचा फोन त्यांच्या भाच्याने केला तेव्हा मी भालकीत दाढी करत होतो. अर्धी राहिलेली दाढी पूर्ण केली आणि हळ्ळीखेडला मातीला गेलो.

भालकीच्या कॉलेजात आम्ही वीस वर्षं बरोबर होतो. त्या तत्त्वज्ञान शिकवत, मी मराठी. पुढे विद्यार्थी मिळेनात, विषय बंद झाला आणि अक्का हळ्ळीखेडला आपल्या घरी परतल्या. तिथे माणसं येऊ लागली. कुणाला भरल्या घरात एकटं वाटे, कुणाला सगळं मिळूनही पुढे काय ते कळत नसे. अक्का तूरडाळ निवडत ऐकत आणि मराठी-कानडीत प्रश्न विचारत. उपदेश नाही, आशीर्वाद नाही. ज्याची झोप-भूक गेली असेल त्याला आधी बिदरच्या डॉक्टरकडे पाठवत.

एकदा मी बसलो असताना भालकीजवळच्या मेहकरची रुक्मिणबाई आली. तीन वर्षं अंथरुणाला खिळलेला नवरा नुकताच वारला होता. "आता मी कामून जगायलेय, अक्का?" मला वाटलं, अक्का लेकराबाळांचं नाव काढतील. त्या म्हणाल्या, "तो आजारी पडायच्या आधी कशासाठी जगायचीस?" बाई म्हणाली, "ते कुणी इचारलंच न्हाई." त्यानंतर ती पाच-सहा वेळा आली. लातूरला मुलाकडे न जाता मेहकरलाच राहिली, शेत बघू लागली. सुखी झाली का, ते मला ठाऊक नाही.

गेल्या उन्हाळ्यात अक्कांच्या पोटात गाठ निघाली. "भ्या वाटायलंय, सर," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, काही होत नाही. त्या पावसापाण्याचं बोलू लागल्या. घरी आल्यावर उमगलं, मी त्यांना गप्प केलं होतं. आठ दिवसांनी पुन्हा गेलो आणि विचारलं, "कशाचं भ्या, अक्का?"

"मरायचं न्हाई." जनवाड्याचे एक शिक्षक वर्षापूर्वी एकदाच आले होते, परत फिरकले नाहीत, असं त्यांनी सांगितलं. "त्यांना धीर पायजे होता. मी प्रश्न विचारत बसले. त्यांचं पुढं काय झालं असंल?" दुपारभर मी नुसता ऐकत राहिलो.

परवा जनवाड्याला जाऊन त्या शिक्षकांना भेटलो. अक्कांनी काय विचारलं होतं, ते त्यांना आठवत नव्हतं. म्हणाले, "निघालो तर त्या फाट्यापर्यंत आल्या. बस येईपर्यंत उन्हात माझ्यासोबत उभ्या होत्या. तेवढ्यावर मी ते वर्ष काढलं."

हे अक्कांना कळायला हवं होतं.