इंजिनाचं स्थळ

क्लेमेंटीतले आमचे शेजारी हार्बरफ्रंटच्या ऑफिसात जहाजांसाठी इंजिनं निवडतात, आणि निकाल जेवणाच्या सुट्टीआधी लावतात. त्यांच्या स्वतःच्या जुन्या अमेरिकन मसल कारचं इंजिन कायमचं बंद पडलं, त्याला मात्र वर्षं झाली. दर रविवारी ते वर्कशॉपमध्ये दुसरं इंजिन पाहायला जातात, कांदेपोह्यांचा डबा घेऊन. बोलणंही तसंच. जपानी इंजिन पाहून म्हणाले, "गुणी आहे हो, पण आपल्यातलं नाही." एक नवंकोरं आलं, तर ते "फारच अबोल" निघालं.

परवा मी सोबत होतो. चिनी मेकॅनिकने पेनांगहून अगदी त्याच वर्षाचं, त्याच बनावटीचं इंजिन मिळवलं होतं. त्याने ते चालू केलं, तसं डब्याचं झाकण थरथरायला लागलं.

"सेम सेम, अंकल. कॅन फिट लाह," मेकॅनिक इथल्या बोलीतल्या इंग्रजीत म्हणाला.

शेजाऱ्यांनी डोळे मिटून ऐकलं. चेहरा उजळला आणि लगेच उतरला.

"मध्येच एक ठोका चुकतोय."

मला तर काही चुकल्यासारखं वाटलं नाही. मेकॅनिकने इंजिन बंद केलं आणि डबा पुढे ओढला.

परतताना बसमध्ये शेजारी खुशीत होते.

"पुढच्या रविवारी," ते म्हणाले, "पोह्यांत मटार घालू."