कळ आणि कल

कुसुमताईंची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझी खरडपट्टी काढली तेव्हा. भोपाळच्या आमच्या रुग्णालयात मी नवा डॉक्टर होतो आणि त्या वृद्धांच्या वॉर्डाच्या मुख्य परिचारिका. तुलसी नगरच्या एका मराठी आजींना शेजाऱ्यांनी तापात आणून दाखल केलं होतं. तापात त्या हिंदी विसरल्या होत्या. शिकाऊ डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, ‘बार-बार कल, कल कहती हैं. दिन का भान नहीं.’ आजी भ्रमात आहेत असं ठरवून मी गुंगीचं औषध लिहून मोकळा झालो. खाटेपर्यंत गेलोही नाही.

ताईंनी मला व्हरांड्यात गाठलं. “डॉक्टर, तुमच्या घरी मराठी बोलतात ना? त्या कळ म्हणून राहिल्या. कळ. तेही समजत नाही तुम्हाला?”

मग त्यांनी आम्हा सगळ्यांना खाटेभोवती उभं केलं. आजी पाय टेकत नाहीत म्हणून फिजिओथेरपिस्टनी ‘सहकार्य नाही’ असा शेरा मारला होता. आया रामकलीबाई म्हणाल्या, “करवट बदलो तो चीखती हैं, साहब. हमसे किसी ने पूछा ही नहीं.” एक्स-रे काढला, तर खुब्याचं हाड मोडलेलं. जो तो आपल्यापुरतं जाणत होता आणि आजी तीन दिवस विव्हळत होत्या. माझी मलाच आजही चीड येते.

तेव्हापासून रोज सकाळी खाटेभोवती डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, औषधविभागातलं कुणीतरी आणि आया, असे सगळे उभे राहू लागले. ताईंचा दंडक असा, की आधी आयांनी बोलायचं, शेवटी डॉक्टरांनी. बड्या डॉक्टरांनी नाकं मुरडली. ताईंनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझे वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा त्या दर रविवारी शिवाजी नगरला आमच्या घरी येत. तिथेही मला विचारण्याआधी स्वयंपाकाच्या बाईंना विचारत, “काकांनी काय खाल्लं?”

ताई निवृत्त होऊन तीन महिने झाले नाहीत, तोच ‘वेळ फुकट जातो’ म्हणून व्यवस्थापनानं बैठक घेऊन ही पद्धत बंद केली. आता जो तो आपापल्या संगणकावर शेरा टाकून निघून जातो. पद्धत बंद करणारी तीच मंडळी ताईंच्या साठीला शाल-श्रीफळ घेऊन पुढच्या रांगेत बसणार आहेत. त्यांच्या गौरव अंकासाठी मला ‘चार गोड शब्द लिहा’ असा निरोप आला. कोणत्या तोंडानं लिहू? त्या बैठकीत मीही मान खाली घालून गप्प बसलो होतो, हेही इथे छापलं जावं.

येत्या सोमवारपासून माझ्या रुग्णांच्या खाटेभोवती आम्ही पुन्हा उभे राहणार आहोत, कुणाला आवडो न आवडो. रामकलीबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “पहले हम ही बोलेंगे ना?”

ताई, आपण निरोगी शंभरी गाठावी. आणि कधी आमच्या वॉर्डात खाटेवर पडायची वेळ आलीच, तर आपली कळ कुणी कल म्हणून लिहू नये.