रायफलीवरचं कुंकू
आज खंडेनवमी, म्हणून सिंगापूरमधल्या आमच्या सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये आईने माझ्या लॅपटॉपला कुंकू लावलं आणि मला एकदम बंदुकीच्या तेलाचा वास आला. नॅशनल सर्व्हिसमध्ये, म्हणजे इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेत असताना अशाच एका खंडेनवमीला बराकीबाहेर घामाघूम होऊन मी माझी रायफल साफ करत होतो. कितीतरी हातांतून गेलेली जुनी बंदूक. चिंधी कितीही फिरवा, नळीतून काळंच निघायचं. एकदाची ती चकचकीत झाली, तेव्हा आईने बळेच दिलेल्या पुडीतलं चिमूटभर कुंकू मी दस्त्याखाली लावलं. तपासणीला आलेल्या सार्जंटचं बोट नेमकं तिथेच गेलं. तो तमिळ होता. त्यांच्याकडेही त्याच दिवशी आयुधपूजा असते. त्याने बोट चोळलं, नाकाशी नेलं, आणि त्याला कळलंय हे मला स्पष्ट दिसलं. "व्हॉट इज धिस?" "कुंकुम, सार्जंट." "आय से रस्ट लाह. यू से व्हॉट?" मी नजर सरळ समोर ठेवली. "नो आन्सर, होल सेक्शन नो वीकेंड." बाकीची पोरं माझ्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघायला लागली. "रस्ट, सार्जंट," मी म्हणालो. तो हसला, माझ्याच बाहीला बोट पुसून पुढे गेला, आणि गंजाबद्दल माझी एकट्याची वीकेंडची घरी जायची सुट्टी कापली. आज त्याच्याही आईने घरात कशाला तरी कुंकू लावलं असेल. तिच्यासमोर म्हणून दाखव म्हणावं, रस्ट.